क्लिनिकल रिसर्चचे अभ्यासक्रम आखणाऱ्यांना खुले पत्र: विद्यार्थ्यांच्या हाती कच्चा डेटा द्या

प्रति,
जैवसांख्यिकी आणि क्लिनिकल रिसर्चचे अभ्यासक्रम आखणाऱ्या समित्यांचे सदस्य, विभागप्रमुख आणि प्रशिक्षण संस्थांचे संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे दोन तऱ्हेचे पदवीधर येतात. एकीकडे डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, फार्मसी आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी. दुसरीकडे संख्याशास्त्र किंवा गणित शिकून आलेले. पहिल्यांना ठाऊक असते की रक्ताचा नमुना घेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. पण दोनशे रुग्णांच्या आकड्यांतून किती खात्रीने काय म्हणता येते, हे त्यांना सांगता येत नाही. दुसऱ्यांना ते गणित येते. मात्र पोटॅशियमचा ७.२ हा धोक्याइतका उंच आकडा पाहून फोन उचलायचा की ओळ खोडायची, हे त्यांना कळत नाही. बहुतेक अभ्यासक्रम यावर एकच तोडगा काढतात. पहिल्यांना टी-टेस्ट आणि काय-स्क्वेअर या संख्याशास्त्रीय कसोट्या शिकवायच्या, दुसऱ्यांना वैद्यकशास्त्राची तोंडओळख करून द्यायची, तेही वेगवेगळ्या वर्गांत. मग दोघांची पहिली भेट होते ती थेट नोकरीत, बहुधा डेटा गोळा होऊन गेल्यावर. तोवर चुकीचा प्रश्न, अपुरी रुग्णसंख्या आणि अर्धवट भरलेले फॉर्म पक्के झालेले असतात, आणि कोणतेही सॉफ्टवेअर ते दुरुस्त करू शकत नाही.

आमची मागणी एकच आहे. हे दोन्ही वर्ग पहिल्या दिवसापासून एकत्र बसवा, आणि अख्खा अभ्यासक्रम एका ट्रायलभोवती, म्हणजे रुग्णांवर उपचार पारखणाऱ्या एका चाचणीभोवती, बांधा: प्रश्न ठरवण्यापासून अहवाल लिहिण्यापर्यंत, खऱ्यासारख्या गोंधळलेल्या डेटासह. चार-चार जणांचे गट करा, प्रत्येक गटात दोन आरोग्यशाखेचे आणि दोन संख्याशास्त्राचे. कामांची मुद्दाम अदलाबदल करा. ओळख काढून टाकलेल्या केसपेपरवरून फॉर्म भरण्याचे काम संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने करावे, आणि विश्लेषणाचा पहिला कोड डॉक्टरने लिहावा. दोघेही अडखळतील, पण समोरच्याचे काम नेमके कुठे कठीण आहे हे दोघांनाही कळेल.

सॅम्पल साइजपासून, म्हणजे किती रुग्ण लागतील या हिशेबापासून, सुरुवात करू, कारण अभ्यासक्रमातला सर्वांत यांत्रिकपणे शिकवला जाणारा भाग हाच आहे. विद्यार्थ्याला सूत्र दिले जाते, तो आकडे टाकतो, उत्तर येते, गुण मिळतात. एक उदाहरण घ्या. नेहमीच्या उपचारात जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण ३० टक्के आहे, नव्या उपचाराने ते २० टक्क्यांवर येईल अशी अपेक्षा आहे. दुबाजू ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो दिसण्याची मर्यादा) आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात २९४ रुग्ण लागतात. १० टक्के रुग्ण मध्येच सोडून जातील असे धरले, तर २९४ ला ०.९ ने भागायचे, उत्तर ३२७. बरेच जण २९४ मध्ये १० टक्के मिळवून ३२४ वर थांबतात. इथे फरक तीनच रुग्णांचा पडतो, म्हणून कोणी हटकत नाही. पण गळती ३० टक्के असेल तर बरोबर उत्तर ४२० आहे आणि चुकीच्या रीतीने ३८३ येते.

तरीही खरी चूक भागाकारात नसते. ती २० टक्के हा आकडा आणला कुठून, इथे असते. बहुतेकदा तो एखाद्या छोट्या अभ्यासातून उचललेला असतो, आणि छापून आलेल्या छोट्या अभ्यासांतले परिणाम खऱ्यापेक्षा मोठे दिसण्याकडे झुकलेले असतात. समजा, नव्या उपचाराने प्रमाण प्रत्यक्षात २५ टक्क्यांवरच येते. मग प्रत्येक गटात २९४ नव्हे, १,२५१ रुग्ण हवेत. २९४ वरच ट्रायल उरकली, तर खरोखर असलेला हा फरक सापडण्याची शक्यता उरते फक्त २७ टक्के. शेकडो रुग्णांनी भाग घ्यायचा, आणि शेवटी 'फरक आढळला नाही' असे वाक्य छापून एक उपयोगी उपचार बाजूला पडायचा. म्हणून हा तास सूत्रावर संपवू नका. गटातल्या डॉक्टरला विचारा: किमान किती फरक पडला तर तू तुझ्या वॉर्डातला उपचार बदलशील? या प्रश्नाचे उत्तर संख्याशास्त्रज्ञाकडे नसते, आणि ते मिळाल्याशिवाय सूत्रात काय टाकायचे हेही त्याला कळत नाही. त्याच तासात आणखी एक विचारा. रुग्णांऐवजी वॉर्डांचे रँडमायझेशन केले, म्हणजे कोणता उपचार कुठे हे चिठ्ठी टाकल्यासारखे वॉर्डावार ठरवले, तर काय होईल? एका वॉर्डात २० रुग्ण आणि त्यांच्यातला परस्परसंबंध (ते एकमेकांसारखे असण्याचे माप) ०.०५ एवढाच धरला, तरी संख्येला १.९५ ने गुणावे लागते, म्हणजे रुग्ण जवळजवळ दुप्पट लागतात.

मुख्य परिणाम म्हणजे एंडपॉइंट कोणता मोजायचा, हेही दोघांनी मिळून ठरवायला शिकायला हवे. यासाठी कास्ट या ट्रायलइतके चांगले साहित्य नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांत हृदयाचे जादा ठोके दिसले तर पुढे मृत्यूचा धोका वाढतो, हे माहीत होते. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ते ठोके दाबतात, हेही माहीत होते. तेव्हा ही औषधे जीव वाचवतील असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू झाले, प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ईसीजी सुधारला आणि माणसे दगावली. हे आकडे फळ्यावर लिहा आणि गटाला विचारा की आपल्या ट्रायलमध्ये आपण जे मोजणार आहोत, ते रुग्णाच्या दृष्टीने काही आहे की फक्त मोजायला सोपे आहे.

रँडमायझेशन एकदा तरी हाताने करून घ्यावे. चारचे ब्लॉक (दर चार रुग्णांत दोघांना अ उपचार, दोघांना ब), कोणाला काय मिळते हे सर्वांना दिसणारी खुली ट्रायल. पहिले दोन रुग्ण अ मध्ये गेले की पुढचे दोघे ब मध्येच जाणार, हे भरती करणाऱ्या डॉक्टरला न सांगताही कळते. मग जास्त आजारी रुग्णाला 'उद्या या' असे सांगण्याचा मोह होतो, आणि नकळत दोन गट असमान होतात. यावर उपाय म्हणजे ब्लॉकचा आकार बदलता ठेवणे, तो प्रोटोकॉलच्या (ट्रायलच्या लेखी आराखड्याच्या) भरती करणाऱ्यांकडे जाणाऱ्या भागात न लिहिणे, आणि यादी भरती करणाऱ्यापासून पूर्ण दूर ठेवणे. वाटप लपवणे (पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे भरतीआधी न कळणे) वेगळे आणि ब्लाइंडिंग (कोणाला कोणता उपचार मिळतो आहे हे नंतरही न कळणे) वेगळे. परीक्षेत या दोहोंची सर्रास गल्लत होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ट्रायलमध्ये हा भेद स्वच्छ दिसतो. क्षयाच्या १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोण कोणत्या गटात जाणार हे बंद लिफाफ्यात होते, म्हणजे वाटप लपवलेले होते. उपचार सुरू झाल्यावर मात्र डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही औषध दिसत होते. छातीचे एक्स-रे वाचणाऱ्यांना तेवढे गट माहीत नव्हते. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १४.

आता डेटाकडे येतो. आमचा सर्वांत जास्त आग्रह इथेच आहे.

सध्या विद्यार्थ्यांना सरावासाठी जी फाइल मिळते ती धुऊनपुसून दिलेली असते. प्रत्येक रकाना भरलेला, प्रत्येक एकक सारखे, एकही तारीख उलटसुलट नाही. अशा फाइलवर सहा महिने सराव केलेला विद्यार्थी पहिल्या खऱ्या फाइलपुढे हतबल होतो. तेव्हा २०० रुग्ण आणि ४० रकान्यांची एक फाइल तयार करा आणि तिच्यात चुका पेरा. कोणत्या ओळीत कोणती चूक आहे याची यादी फक्त शिक्षकांकडे ठेवा.

चुका कोणत्या, तर रोज भेटणाऱ्या. क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्तचाचणी दोन प्रयोगशाळांकडून आलेली असावी. एकीने मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वापरले, दुसरीने मायक्रोमोल प्रति लिटर. एकाच माणसाचे १.१ आणि ९७ हे आकडे दोन्ही बरोबरच असतात, पण एका रकान्यात आले की सरासरीला काही अर्थ उरत नाही. न मोजलेल्या रक्तदाबाच्या जागी कोणीतरी ९९९ भरलेले असावे. २०० पैकी फक्त ५ जणांच्या बाबतीत हे झाले, तरी १३० ची सरासरी १५२ च्या आसपास जाते. कुणा रुग्णाची मृत्यूची तारीख शेवटच्या तपासणीच्या आधीची. उलट्यांच्या रकान्यात काही ठिकाणी शून्य आणि काही ठिकाणी रिकामी जागा. एकाचा अर्थ 'झाल्या नाहीत', दुसऱ्याचा 'विचारलेच नाही'. ०३/०४ ही तारीख मार्चमधली की एप्रिलमधली, हे एका केंद्रापुरते कुणालाच सांगता येऊ नये. एकच रुग्ण दोन क्रमांकांनी नोंदलेला असावा. आणि सर्वांत घातक चूक: स्प्रेडशीटमध्ये फक्त एकच रकाना क्रमाने लावल्यामुळे त्यातली मूल्ये भलत्याच रुग्णांपुढे गेलेली. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे अगदी ठीक असतो. ती पकडायची तर वजन, उंची आणि बीएमआय यांचा मेळ लावून पाहावा लागतो. स्प्रेडशीटच्या परस्पर कारभाराचे टोक म्हणजे काही जनुकांची नावे. 'सेप्ट' आणि 'मार्च' अशी सुरुवात असलेल्या नावांच्या ती आपोआप तारखा करून टाकत असे, आणि २०२० मध्ये ती नावेच अधिकृतपणे बदलण्याची वेळ आली.

चूक सापडली की काय करायचे, हे शिकवणे चूक शोधण्याइतकेच महत्त्वाचे आहे. मूळ फाइलला हात लावायचा नाही. शंका लेखी नोंदवायची, ती केंद्राकडे पाठवायची, तिथल्या माणसाने मूळ कागद पाहून उत्तर द्यायचे, आणि बदल झालाच तर जुने मूल्य, नवे मूल्य, कोणी, कधी, का हे पाचही टिकले पाहिजे. 'आउटलायर वाटला म्हणून काढला', म्हणजे इतरांपेक्षा फार वेगळा आकडा म्हणून खोडला, या वाक्याला शून्य गुण द्या. २३० चा रक्तदाब खराही असतो.

पोटॅशियमचा ७.२ पुन्हा घ्या, कारण दोन शाखा एकत्र का बसवायच्या हे त्या एका आकड्यात दिसते. फाइलमध्ये असे पाच उंच आकडे पेरा. आरोग्यशाखेची विद्यार्थिनी आधी ईसीजीची नोंद पाहील. ती सामान्य आहे, आणि दुसऱ्या दिवशीचे पोटॅशियम ४.३ आहे. एवढ्या पोटॅशियमला हे जुळत नाही, तिला नमुन्याचा संशय येईल. पण तिच्या हातात रुग्ण एकच आहे. संख्याशास्त्राचा विद्यार्थी पाचही ओळी एकत्र काढून केंद्र, वार आणि नमुना पोहोचल्याची वेळ यांच्याशी ताडून पाहील, आणि पाचही नमुने एकाच केंद्राचे, प्रयोगशाळेत उशिरा पोहोचलेले निघतील. रक्त बराच वेळ तसेच पडून राहिले की पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते. आता ही एका ओळीची दुरुस्ती राहत नाही. त्या केंद्राची नमुने पाठवण्याची पद्धत बदलावी लागते, आणि त्या केंद्राच्या बाकीच्या पोटॅशियमवरही प्रश्नचिन्ह लागते. एकट्या डॉक्टरला किंवा एकट्या संख्याशास्त्रज्ञाला हे दिसले नसते.

विश्लेषणाचा आराखडा डेटा उघडण्याआधी लिहून, तारीख घालून, सही करून ठेवायचा, ही शिस्त पहिल्या सरावापासून लावा. नंतर लिहिलेला आराखडा निकालाला बेतलेला असतो, प्रामाणिक माणसाच्या हातूनही. जितके रुग्ण रँडमाइझ झाले तितके सगळे, त्यांच्या मूळ गटातच धरून, विश्लेषणात का घ्यायचे, हे व्याख्यानाने पटत नाही. कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या हृदयविकारावरच्या ट्रायलचे १९८० साली प्रसिद्ध झालेले आकडे दोन टप्प्यांत दाखवा. आधी एवढेच सांगा की क्लोफायब्रेट या कोलेस्टेरॉलवरच्या औषधाच्या ८० टक्के किंवा अधिक गोळ्या ज्यांनी घेतल्या त्यांच्यात पाच वर्षांत मृत्यू १५.० टक्के, आणि कमी घेणाऱ्यांत २४.६ टक्के. निष्कर्ष लिहायला सांगा. जवळपास सगळे औषध गुणकारी म्हणतील. मग दुसरा टप्पा उघडा: प्लासिबोच्या गोळ्या नेमाने घेणाऱ्यांत १५.१ टक्के, कमी घेणाऱ्यांत २८.२ टक्के. ज्या गोळीत औषधच नव्हते तिनेही तोच फरक दाखवला. नेमाने गोळ्या घेणारी माणसेच वेगळी असतात, हे नंतर कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

उपगटांच्या मोहासाठी, म्हणजे रुग्णांचे छोटे गट पाडून निकाल शोधण्याचा धोका दाखवण्यासाठी, आयसिस-२ ही ट्रायल पुरेशी आहे. हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांच्या या ट्रायलमध्ये ॲस्पिरिनचा फायदा निर्विवाद होता, तरी संशोधकांनी जन्मराशीनुसार वाटणी केली तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक दिसले. ट्रायल संपण्याआधी मध्येच निकालात डोकावण्याचा धोका विद्यार्थ्यांनी स्वतः सिम्युलेशन करून पाहावा. दोन्ही गटांत काहीच फरक नसलेल्या हजारो ट्रायल संगणकावर तयार करा, प्रत्येकीत समान अंतराने पाच वेळा ५ टक्क्यांच्या कसोटीवर पाहा, आणि एकदा जरी सार्थक निघाले तरी थांबा. खोटा निष्कर्ष ५ नव्हे, सुमारे १४ टक्के वेळा निघतो. गहाळ डेटाबाबत एवढेच म्हणतो की शेवटचे मूल्य पुढे ओढत नेण्याची जुनी सवय पहिला उपाय म्हणून शिकवणे थांबवावे. ई-९ या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्रीय मार्गदर्शिकेच्या २०१९ च्या पुरवणीप्रमाणे आधी एस्टिमँड, म्हणजे नेमके काय मोजायचे आहे ते, लिहायला लावावे: उपचार कोणता, रुग्ण कोण, परिणाम कोणता, मध्येच औषध बंद झाले किंवा बदलले तर ते कसे धरायचे, आणि दोन गटांची तुलना कोणत्या मापाने करायची.

कोणते सॉफ्टवेअर शिकवावे यावर समित्यांचा बराच वेळ जातो. आर घ्या की सॅस, आमच्या दृष्टीने कसोटी एकच: कोड दुसऱ्याच्या संगणकावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हात न लावता चालला पाहिजे, आणि मुख्य निकाल दुसऱ्या कोणीतरी तो कोड न पाहता स्वतंत्रपणे काढून जुळला पाहिजे.

जीसीपीचे, म्हणजे ट्रायल नीट चालवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे, प्रशिक्षण आज बहुतेक ठिकाणी बहुपर्यायी प्रश्नांचे झाले आहे. दोन तासांत प्रमाणपत्र हाती पडते आणि ते फाइलला लागते. त्याऐवजी प्रसंग द्या. रुग्णाला असह्य डोकेदुखी झाली, घरीच थांबली: ही घटना तीव्र आहे, पण नियमाच्या अर्थाने सीरियस नाही. दुसऱ्याला साधी भोवळ आली आणि देखरेखीसाठी रात्रभर दाखल करावे लागले: ही सीरियस आहे. तिसऱ्याची घटना जीवघेणी, औषधाशी संबंधित असण्याची शक्यता असलेली आणि आधी अपेक्षित नसलेली: आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्रायोजकाला कळल्यापासून ७ दिवसांत नियामकाला कळवायची. प्राणघातक किंवा जीवघेणी नसेल, पण अशीच अनपेक्षित आणि सीरियस असेल तर १५ दिवस. संमतिपत्रांचा एक गठ्ठा द्या आणि दोष शोधायला सांगा: नैतिकता समितीने तिसरी आवृत्ती मंजूर केल्यावरही दुसरीवर घेतलेली सही, रक्त काढल्यानंतरची तारीख, रुग्णाची तारीख दुसऱ्याच्या अक्षरात. यात परिचारिका सर्वांत तरबेज निघतात. त्यांना गटप्रमुख करा. आणि शिकवण्याचे मूळ दस्तऐवज ताजे ठेवा. जीसीपीची तिसरी सुधारित आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, संशोधनातल्या नीतिमत्तेचा हेलसिंकी जाहीरनामा २०२४ मध्ये सुधारला गेला, ट्रायलचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणारी कॉन्सॉर्टची सूचीही २०२५ मध्ये नव्याने आली. १९९६ च्या जीसीपीवर बेतलेल्या प्रश्नपत्रिका आता निवृत्त कराव्यात.

परीक्षेबद्दल. तीन तासांच्या लेखी पेपरला निम्म्याहून अधिक गुण देऊ नका. बाकीचे गुण गटाने तयार केलेल्या कागदांना द्या: प्रोटोकॉलचा सारांश, सही केलेला विश्लेषण आराखडा, शंकांची नोंदवही, कोड आणि अहवाल. अहवालातला रुग्णांचा प्रवाह-तक्ता आधी तपासा. ६५४ रँडमाइझ झाले असतील तर पुढच्या प्रत्येक चौकटीत त्या ६५४ चा हिशेब लागला पाहिजे. ज्या गटाचा तो लागत नाही, त्याच्या पी-व्हॅल्यूकडे (निकाल सार्थक की नाही ते ठरवणाऱ्या आकड्याकडे) पाहण्याची गरज नाही. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला समोरच्या शाखेचा प्रश्न विचारा. डॉक्टरने कॉन्फिडन्स इंटरव्हलचा, म्हणजे अंदाजाभोवतीच्या पल्ल्याचा, अर्थ सांगावा, संख्याशास्त्रज्ञाने हा एंडपॉइंट रुग्णाला का महत्त्वाचा आहे ते सांगावे.

वर्गात शिक्षकही दोन हवेत, एकाच वेळी, दोन्ही शाखांचे. डेटावरच्या तासांना तरी ही अट सोडू नका, कारण पोटॅशियमसारख्या प्रश्नाला एकट्या शिक्षकाचे उत्तरही अर्धेच असते. यासाठी तासिका दुप्पट मोजाव्या लागतील आणि मानधनाची तरतूद करावी लागेल, याची आम्हाला कल्पना आहे.

हे सर्व एका वर्षात जमणार नसेल तर कच्च्या फाइलपासून सुरुवात करा. तिला नवी इमारत लागत नाही की परवाना लागत नाही. शिकवण्यासाठी खुला असलेला एखादा ट्रायलचा डेटा घ्या, वर सांगितलेल्या चुका त्यात पेरा, शिक्षकांची यादी बंद ठेवा, आणि पुढच्या तुकडीला पहिल्या महिन्यातच ती फाइल द्या. शोधायला दोन आठवडे, शंका लिहायला एक आठवडा. चौथ्या आठवड्यात यादी उघडा आणि कोणत्या चुका कोणत्या शाखेच्या विद्यार्थ्यांना सापडल्या याचा तक्ता करा. पुढच्या सत्राचे वेळापत्रक त्या तक्त्यावरून आखा.

आपले स्नेहांकित,
क्लिनिकल ट्रायलमध्ये काम करणारे जैवसांख्यिकीतज्ज्ञ आणि संशोधक डॉक्टर